बाकल्याने पिल्लं खुजी राहिली का?

पत्र: माझ्याकडे एका वेळी हजार ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या, असतात. खाद्य मीच बनवतो. मका, सोयापेंड, तेल, खनिज मिश्रण आणि प्रीमिक्स. या वर्षी फेरपालट म्हणून बाकला, म्हणजे फाबा बीन, पेरला होता. सोयापेंड महाग पडते म्हणून गेल्या बॅचला पहिल्या दिवसापासून निम्मी पेंड काढून तेवढाच बाकला भरडून घातला. स्टार्टरच्या, म्हणजे लहान पिल्लांच्या पहिल्या खाद्याच्या, शंभर किलोत ३६ किलो पेंड असायची, तिथे १८ पेंड आणि १८ बाकला. पुढच्या टप्प्यांतही तसंच. बाकी काही बदललं नाही. पिल्लं लहानमोठी झाली, पिसं नीट आली नाहीत, विक्रीचं वजन यायला सहा दिवस जास्त लागले आणि कापल्यावर पोटात चरबी जास्त निघाली. शेडमध्ये खाली अंथरलेली भुशाची गादीही ओली राहायची. ओळखीचे एक जण म्हणतात, बाकल्यात विष असतं, भाजल्याशिवाय द्यायचाच नाही. पीक फुलावर असताना पाकळ्यांवर काळे ठिपके दिसले होते. तो रोग दाण्यात उतरला असेल का? आठ क्विंटल बाकला पडून आहे. विकून टाकू की पुन्हा वापरून पाहू? घरामागे चाळीस अंड्याच्या कोंबड्या आहेत, त्यांना घालून संपवला तर चालेल का?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात आकडे आहेत, त्याबद्दल आधी आभार. ‘पिल्लं वाढत नाहीत, काय करू’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. तुमचं ‘१८ काढले, १८ घातले’ हे एक वाक्य मात्र मला पुरेसं झालं. या बॅचमध्ये बाकल्याचा दोष थोडा आहे, किलोला किलो बदलण्याचा फार मोठा आहे. बाकला विकायची घाई करू नका.

वही-पेन घेऊन बसा. चांगल्या सोयापेंडीत साधारण ४६ टक्के प्रथिन असतं, तुमच्यासारख्या बाकल्यात २६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बदललेल्या प्रत्येक किलोमागे २०० ग्रॅम प्रथिन गेलं. १८ किलोंचा हिशोब केला तर शंभर किलो खाद्यातून ३ किलो ६०० ग्रॅम शुद्ध प्रथिन गायब झालं. तुमचं स्टार्टर आधी साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास असणार, ते अठराच्याही खाली आलं. विक्रीला आलेल्या पक्ष्याला पुरेल एवढ्या प्रथिनावर तुम्ही एका दिवसाची पिल्लं वाढवायला घेतलीत.

खरं तर कोंबडी नुसतं ‘प्रथिन’ खात नाही, तिला अमिनो आम्लं लागतात. तिथेही हाच घाटा झाला. पेंडीत लायसिन २.८ टक्के, बाकल्यात १.६ च्या आसपास. मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून पेंडीत १.३, बाकल्यात जेमतेम अर्धा टक्का. तुमच्या स्टार्टरमधून दोन्हींचा साधारण सातवा हिस्सा निघून गेला. वाढीच्या पहिल्या दहा दिवसांत ही तूट पडली की पिल्लू ती नंतर पूर्ण भरून काढत नाही.

आता तुमची लक्षणं याच वहीशेजारी ठेवून पाहा. पिसं नीट आली नाहीत, कारण पिसं केराटिनची असतात आणि केराटिनला गंधकयुक्त अमिनो आम्लं, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन, भरपूर लागतात. तुटवडा पडला की तो पिसांवर लवकर दिसतो. चरबी वाढली, कारण ऊर्जा कमी झालीच नाही. बाकल्याची ऊर्जा पेंडीपेक्षा उलट किंचित जास्त भरते, किलोला साधारण २,५०० किलोकॅलरी, पेंडीची २,३००. ऊर्जा तेवढीच आणि मांस बांधायला माल कमी, मग उरलेल्या ऊर्जेची चरबी होणार. लहानमोठी पिल्लं हेही याच दुखण्याचं रूप. खाद्य काठावरचं असलं की धट्टीकट्टी पिल्लं जास्त खाऊन निभावतात, दुबळी मागे पडतात. विष बाधलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. तुम्ही मरतुकीबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, त्यावरून ती नेहमीसारखीच असावी असं मी धरतो.

गादीचं कारण मी एवढ्या छातीठोकपणे सांगणार नाही. सोयापेंडीत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते जास्त झालं की पक्षी पाणी जास्त पितात. त्या हिशोबाने पेंड निम्मी केल्यावर गादी कोरडी व्हायला हवी होती. माझा संशय भरडण्यावर आहे. बाकल्यात व्हर्बॅस्कोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या कोंबडीला पचत नाहीत, मागच्या आतड्यात आंबतात आणि विष्ठा सैल करतात. त्यात जाड भरडा असेल तर न पचलेला स्टार्चही तिकडेच जाऊन पडतो. पण निपलमधून पाणी ठिबकत असेल किंवा पंखे कमी पडत असतील, तर मी इथे बसून बाकल्याला उगाच बदनाम करायचो. तेवढं आधी तपासा.

आता विषाबद्दल. तुमचे ओळखीचे गृहस्थ पूर्ण चूक नाहीत, पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत.

पहिली गोष्ट टॅनिन. ते दाण्याच्या सालीत असतं, प्रथिनांना आणि पाचक रसांना चिकटून बसतं आणि पचन घटवतं. इथे तुमच्या काळ्या ठिपक्यांचा खुलासा होतो. तो रोग नव्हता! बाकल्याच्या बाजूच्या दोन पाकळ्यांवर, ज्यांना पंख म्हणतात, काळा टिळा असणं हे बहुतेक वाणांचं नैसर्गिक रूप आहे. पण तो टिळा कामाची माहिती देतो. ज्या वाणांची फुलं निखळ पांढरी, ठिपका नाही, डाग नाही, त्यांच्या सालीत टॅनिन जवळजवळ नसतं. फुलाचा रंग आणि सालीतलं टॅनिन एकाच जनुकाच्या हाती असल्यामुळे असं होतं. अशी दोन जनुकं माहीत आहेत आणि त्यांतलं कुठलंही एक निकामी असलं की फूल पांढरं आणि साल टॅनिनमुक्त. प्रयोगशाळेत न जाता बांधावर उभं राहून खाद्याची परीक्षा करता यावी, अशी पिकं फार नाहीत. तुमच्या फुलांवर ठिपके होते, म्हणजे तुमचा बाकला टॅनिनवाला. पुढच्या वेळी बियाणं घेताना पांढऱ्या फुलांचा वाण मागा. साठवणीत टॅनिनवाला दाणा हळूहळू गडद तपकिरी होतो, तेही लक्षात ठेवा.

टॅनिनवाला माल असला म्हणून टाकायचा नाही. साल ही दाण्याच्या वजनाच्या साधारण १३ टक्के. डाळ करतात तशी ती काढली की टॅनिन बहुतेक गेलं, तंतू कमी झाले आणि उरलेल्या डाळीत प्रथिन ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. मात्र शंभर किलोंतून पंच्याऐंशीच किलो हाती येतात आणि गिरणीचा खर्च वेगळा. तुमच्या आठ क्विंटलांसाठी मी तो खटाटोप करणार नाही. प्रमाण मर्यादित ठेवलं की सालीसकट भागतं.

दुसरी गोष्ट व्हिसीन आणि कॉन्व्हिसीन. ‘विष’ हा शब्द बहुधा इथूनच आला. ज्या माणसांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांनी बाकला खाल्ला तर तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. त्याला फॅविझम म्हणतात. घरात कुणाला हा दोष असेल तर बाकला त्यांच्या ताटात नको, हे आधी सांगून ठेवतो. हे दोन पदार्थ सालीत नसतात, आतल्या डाळीत असतात. त्यामुळे साल काढून ते जात नाहीत, उलट थोडे एकवटतात. भाजल्यानेही ते फारसे मोडत नाहीत. म्हणजे ‘भाजल्याशिवाय द्यायचा नाही’ हा सल्ला ज्या विषासाठी दिला, त्यावर तो चालतच नाही!

सुदैवाने ब्रॉयलर हे पदार्थ बऱ्यापैकी सोसतो. जास्त प्रमाणात दिलं तर खाद्याचं रूपांतर थोडं बिघडतं, पण १५–२० टक्क्यांपर्यंत अमिनो आम्लं जुळवून दिलेल्या बाकल्यावर ब्रॉयलर चांगले वाढतात. हे पदार्थ अगदीच कमी असलेले वाणही आता आहेत. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी असा पहिला स्रोत नोंदवला आणि पैदासकारांनी त्यावरून पुढचे वाण उभे केले. हा गुण ज्या जनुकातून येतो ते २०२१ मध्ये सापडलं. पांढऱ्या फुलांचा आणि कमी व्हिसीनचा, असे दोन्ही गुण एका बियाण्यात मिळाले तर कोंबडीवाल्याला त्याहून चांगला बाकला नाही. मात्र पांढरं फूल म्हणजे व्हिसीनही कमी, असं समजू नका. दोन्ही गुण वेगवेगळे आहेत, बियाणं देणाऱ्याला दोन्ही विचारायचे.

मग भाजण्याचा हट्ट आला कुठून? कच्च्या सोयाबीनवरून. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिन पचवणारं विकर, अडवणारे पदार्थ इतके असतात की ते न भाजता दिलं तर पिल्लांचं स्वादुपिंड सुजतं आणि वाढ खुंटते. तिथे भाजणं अत्यावश्यक. बाकल्यात हे पदार्थ त्याच्या मानाने अगदी थोडे असतात, म्हणून ब्रॉयलरसाठी तो कच्चा चालतो. घरगुती भट्टीवर भाजताना दाणा करपला तर लायसिन साखरेशी जखडून बसतं आणि पचत नाही. बाकल्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू त्याचं लायसिन, प्रथिनाच्या मानाने ते जवळपास सोयाइतकंच. तेच जाळून टाकायचं का?

त्यापेक्षा ती मेहनत भरडण्यावर घाला. बाकल्याचा दाणा टणक, आणि त्याच्या डाळीतल्या पेशींच्या भिंती जाड. स्टार्च आणि प्रथिन त्या भिंतींच्या आत कोंडलेलं असतं. भरडा जाड राहिला तर बराचसा माल त्या कोठड्यांतूनच बाहेर पडतो, विष्ठेत पांढरे कण दिसतात. हॅमर मिलला तीन मिलिमीटरची जाळी लावा आणि भरडल्यावर मूठभर माल चाळून पाहा. डाळीच्या आकाराचे तुकडे उरत असतील तर जाळी फाटली आहे किंवा हातोडे झिजले आहेत. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, करायची सोय असेल तर बाकल्याला तिचा फायदा मक्यापेक्षा जास्त होतो, कारण दाब आणि वाफ मिळून त्या भिंती फोडतात. नसेल तर बारीक मॅशवर, म्हणजे नुसत्या भरडलेल्या खाद्यावरही, काम होतं. अगदी पीठ मात्र करू नका, चोची चिकटतात आणि पक्षी कमी खातात.

आता मुख्य काम, बाकला बसवायचा कसा. बाकला ही पेंड नाही आणि धान्यही नाही, तो दोन्हींच्या मधला आहे. त्यात २६ टक्के प्रथिन आहे तसा ४० टक्क्यांच्या आसपास स्टार्चही आहे. म्हणून तो फक्त पेंडीच्या जागी घालायचा नाही, थोडी पेंड आणि थोडा मका काढून घालायचा. शंभर किलो खाद्यात दर १० किलो बाकल्यामागे पेंड ४ किलो ७०० ग्रॅम आणि मका ६ किलो कमी करा. तेल ६५० ग्रॅम वाढवा. डीएल-मेथिओनिन ३० ग्रॅम आणि थ्रिओनिन, हेही एक अमिनो आम्ल, १० ते १२ ग्रॅम, जे आधी घालत असाल त्याच्यावर जादा. लायसिन थोडं उरतं, पण पहिल्या खेपेला ते कमी करू नका. मक्याऐवजी गहू वापरत असाल तर हे आकडे तसेच उचलू नका. गव्हात प्रथिन जास्त असतं, त्यामुळे हिशोब नव्याने करावा लागेल.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, तुम्हीही पडताळून पाहू शकता. १० किलो बाकल्यातून २ किलो ६०० ग्रॅम प्रथिन येतं. ४.७ किलो पेंड आणि ५.३ किलो मका यांतूनही तेवढंच येतं. पण त्या जोडीची ऊर्जा बाकल्यापेक्षा जास्त, कारण मका किलोला ३,३५० किलोकॅलरीच्या आसपास जातो. ती तूट भरायला साडेसहाशे ग्रॅम तेल, आणि तेलाला जागा करायला तेवढाच मका आणखी बाहेर, म्हणून ६ किलो. मेथिओनिनच्या ३० ग्रॅममध्ये बाकल्यातलं मेथिओनिन आणि सिस्टीन पेंडीपेक्षा कमी पचतं, हेही धरलं आहे. ते वगळू नका. हजार पक्ष्यांच्या बॅचला जादा मेथिओनिन दोन किलोही लागणार नाही, आणि सारा खेळ त्यावर अवलंबून आहे. मी उमेदवारीत असताना एका खाद्य मिश्रणात काटा चुकून मेथिओनिन निम्मं पडलं होतं. पक्ष्यांची पाठ पाहूनच वरिष्ठांनी चूक ओळखली. त्या दिवसापासून मी मेथिओनिन वेगळ्या छोट्या काट्यावर तोलतो, आणि आधी दोन किलो भरड्यात मिसळून मगच मोठ्या ढिगात घालतो.

ट्रिप्टोफॅन हे आणखी एक अमिनो आम्ल बाकल्यात खूपच कमी असतं आणि पचतंही कमी. १० टक्क्यांना त्याचं फारसं बिघडत नाही, २० च्या पुढे ते आडवं येऊ लागतं. १५ वर थांबा असं मी म्हणतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण तुमच्या मालातलं टॅनिन.

टप्पे असे ठेवा. पहिले दहा दिवस बाकला शून्य. त्या वयात पिल्लाचं आतडं अजून तयार होत असतं आणि त्या काळात खाद्य खातं किती, पक्ष्यामागे अडीचशे-तीनशे ग्रॅम. तिथे पेंड वाचवून काय मिळणार? अकराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत १० टक्के. पंचविसाव्यापासून १५. प्रत्येक बदल तीन-चार दिवसांत जुनं-नवं मिसळत करा, एका रात्रीत नाही. पुढे पांढऱ्या फुलांचा वाण हाती आला आणि पेलेटची सोय झाली, तर शेवटच्या टप्प्यात २० पर्यंत जायला हरकत नाही. पेंड पूर्ण बंद करून फक्त बाकल्यावर ब्रॉयलर काढायचा विचार सोडा. २६ टक्क्यांच्या मालाने २१ टक्क्यांचं स्टार्टर भरायला गेलात तर मक्याला आणि तेलाला फारशी जागा उरत नाही.

परवडतं का, हे बाजारात दरवेळी वेगळं ठरेल, पण काढायची रीत एकच. ४.७ किलो पेंडीची आणि ६ किलो मक्याची तुमच्याकडची किंमत बेरीज करा. त्यातून ६५० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम मेथिओनिन आणि थ्रिओनिनची किंमत वजा करा. उरली ती तुमच्या शेडमध्ये १० किलो बाकल्याची खरी किंमत. बाजारात दाणा त्याहून जास्त भावाने जात असेल तर खुशाल विका आणि त्या पैशांची पेंड आणा. ‘घरचा आहे म्हणजे फुकट आहे’ असं धरून चाललात तर कोंबड्या तुमचं शेत खातील आणि तुम्हाला कळणारही नाही.

खाद्य बनवण्याआधी एक नमुना तपासायला पाठवा. निदान ओलावा आणि प्रथिन तरी बघा. बाकल्याचं प्रथिन वाण, जमीन आणि हंगामानुसार बरंच हलतं. मी २६ धरलं आहे, तुमचा २३ निघाला तर पेंड कमी करताना हात आखडता घ्यावा लागेल. नमुना एका पोत्यातून घेऊ नका, सगळ्या पोत्यांतून बोटभर बोटभर काढून एकत्र करा. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर आधी वाळवा. बुरशीचा वास येणारं किंवा गोळा झालेलं पोतं पिल्लांना नको म्हणजे नको. दाण्यांना गोल भोकं दिसली तर घाबरू नका. बाकल्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि साठवणीत कोरड्या दाण्यावर पुन्हा वाढत नाही. दाणा थोडा हलका होतो एवढंच. पण महिन्याभरात भोकं वाढत चालली असतील तर तो दुसरा, साठवणीतला किडा आहे, आणि त्याचा बंदोबस्त लगेच करायला हवा. आणखी एक, पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं या आठ क्विंटलांत कुणी ओतलं नाही ना, याची स्वतः खात्री करा. गुलाबी किंवा हिरवट रंग चढलेला एकही दाणा दिसला तर ते पोतं बाजूला ठेवा आणि त्यातला दाणा कशालाही घालू नका.

चाळीस अंड्याच्या कोंबड्यांना घालून माल संपवायचं मात्र डोक्यातून काढून टाका. व्हिसीन आणि कॉन्व्हिसीन ब्रॉयलर सोसतो, अंड्याची कोंबडी तितकी सोसत नाही. तिच्या अंड्याचं वजन घटतं, आणि अंडी उबवायची असतील तर पिल्लं निघण्याचं प्रमाणही खाली येऊ शकतं. साध्या वाणाचा बाकला तिच्या खाद्यात पाच टक्क्यांच्या आसपासच ठेवावा. कमी व्हिसीनचा वाण असता तर उत्तर वेगळं असतं.

पुढच्या बॅचला सगळ्या हजार पक्ष्यांवर प्रयोग करू नका. शेडच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, सारखी हवा मिळेल अशी दीड-दीडशे पक्ष्यांची दोन कुंपणं घाला. एकाच दिवशी आलेली पिल्लं, न निवडता. एका कुंपणात तुमचं जुनं पेंडीचं खाद्य, दुसऱ्यात बाकल्याचं. दोन्हीकडचं खाद्य तोलून द्या आणि उरलेलं तोलून परत घ्या. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी प्रत्येक कुंपणातले पन्नास पक्षी एकेक करून तोला. टोपलीभर एकदम तोलू नका, नाहीतर लहानमोठेपणा लपतो. पन्नासांपैकी चाळीस पक्षी सरासरीच्या दहा टक्के खाली-वरच्या आत असतील तर कळप एकसारखा आहे. खाल्लेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन, हा एफसीआर दोन्हीकडे काढा. तो अगदी थोडा वाढला आणि खाद्याचा खर्च त्याहून जास्त घटला, तर तुम्ही फायद्यात आहात. एफसीआर तुमचा मालक नाही, किलो मांसामागचा खर्च तुमचा मालक आहे. दुसऱ्या आठवड्यात बाकल्याच्या कुंपणातली पिसं मागे पडलेली दिसली, तर बाकला थांबवण्याआधी मेथिओनिनचा काटा तपासा.

उरलेला हिशोब आठ क्विंटलांचा. प्रयोग जमला आणि हजारांच्या पूर्ण बॅचला दिलं, तर अकरा ते चोवीस दिवसांत पक्ष्यामागे सव्वा किलोच्या आसपास खाद्य जातं. त्याचे १० टक्के म्हणजे हजार पक्ष्यांना सव्वा क्विंटल बाकला. पंचविसाव्यापासून विक्रीपर्यंत पक्ष्यामागे दोन किलो धरा, त्याचे १५ टक्के म्हणजे तीन क्विंटल. मिळून सव्वाचार. तुमचा माल दोन बॅचना थोडा कमीच पडेल, तोवर तो कोरडा ठेवा. तपासणीचा आकडा आणि तिसऱ्या आठवड्याची दोन्ही कुंपणांतली वजनं मला कळवा. पेंडीचा तो ४.७ चा आकडा तुमच्या मालासाठी किती हलवायचा, ते त्यावरून ठरवू.